न पाठवलेले : एक

आमच्या गावाचा ईमेल पत्ता एकच होता. उमरीहून आत आठ किलोमीटरवर आमचं गाव. एसटी थांबते तिथे पिंपळाखाली पत्र्याच्या खोलीत एका दादाचं ऑनलाइनचं दुकान आहे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, सगळ्यांचे अर्ज तिथेच भरले जातात. अर्जात ईमेलचा रकाना आला की दादा मान न वळवता विचारायचे, "ईमेल कुणाचा टाकू?" समोरचा माणूस म्हणायचा, "टाका की तुमचाच." मग दादा आपला पत्ता टाकायचे. त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. तिच्यात गावातल्या प्रत्येक घराचे नंबर आणि पासवर्ड लिहिलेले असत. कुणाचा फॉर्म अडला की लोक निर्धास्तपणे म्हणत, "दादाच्या वहीत हाय."

दहावीनंतर मी लातूरच्या निवासी वर्गासाठी अर्ज केला, तेव्हा तोही दादांनीच भरून दिला. वडील उमरीला कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचे, त्यांना त्या दिवशी यायला जमलं नव्हतं. दादांनी मला स्टुलावर बसवलं, माझी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि म्हणाले, "आता तू काय ऐकत न्हाईस बाबा. जातोस लातूरला." माझ्या त्या पहिल्या अर्जावरही त्यांचाच ईमेल होता. तो पत्ता मला आजही पाठ आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मला हे माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही.

त्या निवासी वर्गाने मला माणसात आणलं. लातूरच्या एका आडत व्यापाऱ्याने तो काढलेला. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पोरगा का असेना, हात जोडून "शरणार्थ". खेड्यातल्या एकशे वीस मुलामुलींना अकरावी-बारावी फुकट शिकवायचं, राहायला-जेवायला द्यायचं, एवढंच त्यांचं काम. माझं निवडीचं पत्र पोस्टाने आलं होतं. पोस्टमनने ते शाळेत आणून दिलं, गुरुजींनी परिपाठाला वाचून दाखवलं. पुढे नांदेडला बीएस्सी झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. नोकरी शोधत होतो तेव्हा अण्णांचाच निरोप आला, "संगणकाचं कळतंय ना? मग ये इकडं."

माझं काम पत्रव्यवहाराचं. वर्गाची माहिती, परीक्षेच्या तारखा, निकाल, शिवाय अण्णांनी शहरात काढलेल्या फीच्या वर्गांची जाहिरात. पोस्टाने निवडपत्रं पाठवायची पद्धत मीच बंद केली. पाकिटं गहाळ होतात, उशिरा पोचतात, ईमेल एका क्षणात जातो, असं मी अण्णांना पटवलं. त्यांना माझं कौतुक वाटलं आणि मलाही.

पहिल्या वर्षी मिळेल तो पत्ता मी यादीत घातला. शाळाशाळांतून आमची माणसं मार्गदर्शनाला जात, तिथे मुलांनी वहीत लिहिलेले पत्ते. जुन्या अर्जांतले पत्ते. पालकमेळाव्यातल्या हजेरीचे पत्ते. आमच्याकडे लग्नाला चूलबंद आवतन देतात. घरातल्या एकाला सांगितलं की सगळं घर जेवायला येतं, त्या दिवशी त्या घराची चूल पेटत नाही. मला परवानगी म्हणजे तेच वाटायचं. एका चुलत भावाने पत्ता दिला म्हणजे बाकीच्या भावांचीही हरकत नाही. मी कुणाला फसवत नव्हतो. चांगलीच गोष्ट तर सांगत होतो.

मग एके सकाळी आमचं खातं बंद पडलेलं दिसलं. ज्या परदेशी सेवेतून आम्ही मेल पाठवायचो तिने कळवलं होतं की तुमचे मेल नको असलेले म्हणून लोक तक्रार करत आहेत, आम्हाला आमच्याकडचे कायदे पाळावे लागतात, खुलासा द्या. मी घाबरलो. कायदा म्हटला की आमच्या घरात फक्त पोलीस पाटील आठवतो. अण्णांना सांगायला गेलो तर ते बाजाराला निघाले होते. म्हणाले, "आपण कुणाच्या दारात जाऊन शिव्या दिल्या का? शिकवतोच म्हणलं की!"

खुलासा लिहिण्यासाठी मी दोन महिने ऑनलाइन एक अभ्यासक्रम केला. शब्दकोश जवळ घेऊन बसायचो. नियम वाचताना मला हळूहळू ते आवडायला लागले. पाठवणाऱ्याने आपलं नाव-पत्ता लपवायचा नाही. विषयाच्या ओळीत खोटं लिहायचं नाही. माणसाने स्वतः हो म्हणल्याशिवाय पाठवायचं नाही, आणि तो नको म्हणला की थांबायचं, कारण विचारायचं नाही. आपल्याकडेही आता लोकांच्या खाजगी माहितीचा कायदा आला, त्याचा गाभाही तोच. मी आयुष्यभर रांगेत उभं राहून, साहेब म्हणतील त्याला हो म्हणत मोठा झालो. एका साध्या माणसाचं नको कुणीतरी कायद्यात लिहून ठेवलंय, याचं मला अप्रूप वाटलं.

मी यादी नव्याने केली. ज्यांनी स्वतः अर्ज केला आणि रकान्यात खूण केली तेवढेच ठेवले. एकच पत्ता अनेकदा आलेला असेल तर यंत्र त्या सगळ्या नोंदींची एक नोंद करायचं आणि सगळ्यात शेवटी भरलेलं नाव ठेवायचं. त्याच्या लेखी एक पत्ता म्हणजे एक माणूस. 'दुबार नावं काढली' असं मी अहवालात लिहिलं. आणि प्रत्येक मेलच्या अगदी वर, मोठ्या मराठी अक्षरांत ओळ टाकली : यापुढे आमचे मेल नको असल्यास येथे दाबा.

अण्णांनी ते पाहिलं आणि चष्मा वर केला. "आडतीवर गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधी त्याला मागचं दार दाखवतो का रे?"

"अण्णा, इतर लोक ते खाली बारीक अक्षरात लपवतात."

"मग आपणबी लपवू की थोडं."

"नको अण्णा. नको म्हणणाऱ्याला शोधत बसायला लावू नये."

ते हसले. "लई शिकलास," म्हणाले, आणि मला पाहिजे तसं करू दिलं.

एक काम मात्र मी टाळलं. ज्याने अर्ज केला आहे त्याला निकाल कळवणं ही जाहिरात नव्हे, त्याने जाहिराती नको म्हणल्या तरी निकाल कळवता येतो, असं त्या अभ्यासक्रमातच होतं. शेवटच्या चाचणीत हा प्रश्न आला होता आणि माझं उत्तर बरोबर होतं. त्यासाठी जाहिरातीची यादी वेगळी आणि निकालाची वेगळी ठेवायला हवी. ते सगळं नव्याने बांधणं आठवड्याचं काम होतं. प्रवेश तोंडावर होते. पुढच्या वर्षी करू म्हणून मी दोन्ही एकाच यादीतून पाठवत राहिलो.

त्या वर्षी आमच्या गावातून एका मुलीने प्रवेश परीक्षा दिली होती. तिची आई आमच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवते. मी तिसरीत होतो तेव्हापासून शिजवते. तेव्हा ती नव्यानेच लग्न होऊन गावात आलेली. माझं ताट रिकामं झालं की न विचारता मोठ्या पळीने खिचडीचा दुसरा डाव टाकायची. मी तिला आक्का म्हणतो, म्हणून तिची मुलगी मला मामा म्हणते. परीक्षेला नांदेडला आली तेव्हा मी केंद्रावर होतो. बाहेर आल्यावर म्हणाली, "मामा, गणितं सगळी सुटली. एकच राहिलं, तेबी वेळ न्हाई म्हून."

निवड करणं माझ्या हातात नव्हतं. निवडलेल्यांची यादी वरून तयार होऊन आली, मी नावं न वाचताच ती यंत्रात चढवून पत्रं पाठवली. दहा दिवसांच्या आत येऊन जागा पक्की करायची, नाहीतर ती प्रतीक्षा यादीतल्याला जाईल, असं पत्रात होतं. मोबाइलवर एकगठ्ठा संदेश पाठवायचा तर नियमाप्रमाणे त्याचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, तो आमचा अजून मंजूर झाला नव्हता. यादी फलकावर लावली होती, पण फलक लातूरला.

पाच मिनिटांनी अहवाल आला. पाठवलेले : एकशे एकोणीस. न पाठवलेले : एक. कारण : नकार.

मी तो एक उघडून पाहिला. दादांचा पत्ता होता. मला हसू आलं. दादांनी आमच्या जाहिरातींना कंटाळून नको म्हणून टाकलं असणार, आणि यंत्राने ते मानलंसुद्धा. माझी व्यवस्था चालते, आपल्या माणसाच्या नकारालाही मान देते, याचा मला खरोखर आनंद झाला. दादा निवड यादीत कशाला असतील, हा प्रश्न मला पडला नाही. ज्या पत्त्यामागे एकदा मी स्वतः उभा होतो, त्यामागे आज कोण उभं असेल हे पाहायला शेजारच्या नावाच्या रकान्यापर्यंत एक बोट हलवायचं होतं. मी खिडकी बंद केली आणि जेवायला गेलो.

आक्काचा फोन पंधरा-सोळा दिवसांनी आला.

"भाऊ, लेकराचा निकाल कधी हाय रे? शाळेतल्या बाया इचारून राहिल्या."

"लागला की आक्का. कळलं नाही?"

"न्हाई बा. दादाला रोज इचारतो आम्ही. काहीच आलं न्हाई म्हणतो."

मी फोन चालू ठेवूनच यादी उघडली. एकोणिसावं नाव तिचं होतं. समोर ईमेलच्या रकान्यात दादांचा पत्ता. आक्का तिकडून "हालो, हालो" करत होती. मी म्हणालो, "बघून सांगतो," आणि फोन ठेवला. हे मी आक्काशी पहिल्यांदाच खोटं बोललो. बघायचं काही उरलं नव्हतं.

अण्णांकडे गेलो. सगळं सांगितलं, माझी चूक कुठे झाली तेही. त्यांनी पायात चपला घातल्या. मग म्हणाले, "चल."

आम्ही मुलींच्या वसतिगृहाच्या दारात गेलो. व्हरांड्यात एक मुलगी नव्या पत्र्याच्या पेटीवर खडूने आपलं नाव लिहीत होती. हदगावकडची, प्रतीक्षा यादीतली पहिली. चार दिवसांपूर्वी आली होती. अण्णांना पाहून ती उठली आणि तिने हात जोडले.

"शरणार्थ," अण्णा तिला म्हणाले. मग हळू आवाजात मला, "हिला कोणत्या तोंडानं घरी धाडू? तू सांग. तू सांगशील तसं करतो."

मी तिच्या पेटीवरच्या नावाकडे बघत विचारलं,

"एक जागा वाढवता येईल का अण्णा?"

"एकशे वीस खाटा आहेत. एकशे एकविसावी टाकली तर उद्या आणखी वीस-पंचवीसजण बापाला घेऊन दारात बसतेत. त्यांचाबी निकाल असाच कुठंतरी अडकलेला असतोय." व्हरांड्यातून मागे फिरत म्हणाले, "तिला पुढच्या वर्षी परीक्षेला बसू दे म्हणावं तर तोवर तिची अकरावी होऊन जाणार. आपलं तर अकरावीपासून." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू चांगल्यासाठीच केलंस."

त्यांनी मला कामावरून काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवारी नांदेडमार्गे उमरी आणि तिथून गाव. दुकानात दादा, आक्का आणि ती मुलगी तिघेही होते. मीच बोलावलं होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं एकही आठवलं नाही, म्हणून सरळ सांगून टाकलं. पत्र निघालंच नाही. या पत्त्यावरून नकार आला होता, आणि निकालसुद्धा त्यात अडकेल अशी व्यवस्था मी केली होती.

दादा लगेच म्हणाले, "म्या दाबलं ते. खोटं कशाला बोलू. आधी तुमचा एकच मेल चाळीस-चाळीसदा यायचा. डबा भरून गेला. पीकविम्याचा ओटीपी येईना, इथं माणसं रांगेत. मग एक दिवशी वरच मोठ्या अक्षरात दिसलं, नको असल्यास दाबा. लई बरं वाटलं मला. कुणी इतकं सोपं करून देत न्हाई."

"पण दादा, गावच्या पोरांचे अर्ज त्याच पत्त्यावर होते."

"तवा हाव कुणी म्हणलं होतं? म्याच की. सगळ्यायच्या वतीनं हाव म्हणलेलं चाललं, मग नको म्हणलेलंबी सगळ्यायच्या वतीनं झालं. त्याला आता काय करता." ते हे वाद घालायला म्हणत नव्हते. त्यांचा चेहरा पडला होता. ते वही उघडून उगाच तिच्या नावाचं पान शोधत होते.

मुलगी स्टुलावरून उठली. म्हणाली, "म्हणजे मामा, मी पास झालते?"

"हो."

"कितवी?"

"एकोणिसावी."

ती वळून आईला म्हणाली, "माय, मी एकोणिसावी हाय. एकशे वीसमंदी."

"हाव का?" आक्काचा चेहरा उजळला. तिने मुलीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात खाली आला. "मग आता जायचं कधी?" असं ती विचारणार होती बहुतेक. तिने विचारलं नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "भाऊ, तू जेवलास का?"

मी रडलो तर सगळे मलाच समजवायला लागतील, म्हणून मी दादांच्या संगणकाकडे तोंड केलं. दादांना काहीतरी करायचं होतं. "आता मी परत हाव म्हणतो," ते म्हणाले. "निदान पुढच्या पोरायचं तरी अडायला नको. कुठं दाबायचं सांग." नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं. नकार देणाऱ्याने स्वतः परत हो म्हणल्याशिवाय मला तो पत्ता उघडता येत नव्हता. मी पान काढून दिलं. दादांनी पत्ता टाकला, खात्रीचा मेल आला, तोही दाबला.

मिनिटभरात स्वागताचा मेल येऊन पडला. 'प्रिय' नंतर त्या मुलीचं पूर्ण नाव होतं. त्या पत्त्यावरून सगळ्यात शेवटचा अर्ज तिचाच होता, म्हणून यंत्राने ते ठेवलेलं. आपण आमच्याशी पुन्हा जोडले गेलात याचा आनंद वाटतो. आपल्या शैक्षणिक वाटचालीत आम्ही आपल्यासोबत आहोत. हा मजकूर मीच लिहिलेला.

ती वाकून वाचत होती. "मामा, हे मला आलंय?"

"नाही, म्हणजे… ते आपोआप येतं."

"नाव माझं हाय."

तिने मेल पुन्हा पहिल्यापासून वाचला. अगदी वर माझी ती ओळ होती. तिने ती मोठ्याने वाचली, शाळेत धडा वाचतात तशी. "यापुढे आमचे मेल नको असल्यास येथे दाबा." मग मला विचारलं, "हे दाबलं की खरंच येत न्हाईत?"

"नाही येत."

"कुणी इचारत न्हाई, का म्हून?"

"नाही विचारत."

तिने दादांच्या हाताखालून माउस घेतला. दादा म्हणाले, "अगं, गावाचं हाय ते, पोरी."

"नाव तर माझं हाय ना, दादा." आणि तिने दाबलं.

आक्का चहा सांगायला बाहेर गेली होती. तिने हे पाहिलं नाही.

याला दोन वर्षं होत आली. मी निकालाची यादी वेगळी केली आहे. निवडपत्रं पुन्हा पोस्टानेही जातात. दादांनी गावातल्या दहावीच्या प्रत्येक मुलाला वेगळा पत्ता काढून दिला आहे. त्यांचे पासवर्ड दादांच्याच वहीत आहेत. परवानगीची खूण मागणारा मेल मी पाठवतो, तेव्हा त्या गावातून सगळी उत्तरं पाच मिनिटांत, ओळीने येतात. सगळे हो म्हणतात. ती उत्तरं कुणाच्या हातची आहेत हे मला माहीत आहे. कागदोपत्री ती बिनचूक आहेत, आणि यापेक्षा वेगळं काय करायचं ते मला सुचलेलं नाही.

ती मुलगी उमरीच्या कॉलेजात कला शाखेला आहे. विज्ञान घ्यायचं तर शिकवणी लागते आणि तशी शिकवणी उमरीत नाही. आक्का अजून खिचडी शिजवते. गावी गेलो की मला जेवायला बोलावते, ताटात दुसरा डाव टाकते. मुलगी समोर बसते, पण ती आता मला सर म्हणते.

दादांचा जुना पत्ता मी यादीतून काढलेला नाही. नियम असा की नकाराची नोंद जपून ठेवायची, पुसायची नाही. दर महिन्याला आमचं माहितीपत्रक जातं आणि त्यानंतर अहवाल येतो. पाठवलेल्यांचा आकडा दर वेळी बदलतो. खाली ती ओळ असते. न पाठवलेले : एक. कारण : नकार. नावाच्या रकान्यात तिचं नाव. आता मी ते दर वेळी उघडून बघतो.